महालनोबिस आणि नमुन्याचा न्याय

प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे नाव सामान्य वाचकाच्या मनात दुसऱ्या पंचवार्षिक योजनेशी निगडित झाले आहे. अवजड उद्योगांना अग्रक्रम देणाऱ्या त्या योजनेवर आजवर एवढा वाद झाला, की तिच्या शिल्पकाराचे अधिक टिकाऊ कार्य त्या धुरळ्यात झाकले गेले. थोडे पाहून अवघ्याचा अंदाज करावा, आणि तो किती चुकू शकेल हेही आकड्यांत सांगावे, ही विद्या त्यांनी या देशाच्या मातीत रुजविली. तिच्यातील एक विचार तर प्रथमदर्शनी अन्यायाचा वाटतो. नमुना निवडताना सर्वांना समान संधी देणे हे नेहमीच न्यायाचे नसते, असा तो विचार आहे.

२९ जून १८९३ रोजी कलकत्त्यातील एका ब्राह्मो कुटुंबात त्यांचा जन्म झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे शिक्षण घेऊन १९१३ मध्ये ते केंब्रिजला गेले. तेथून परतताना त्यांनी ‘बायोमेट्रिका’ या संख्याशास्त्रीय नियतकालिकाचे खंड बरोबर घेतले आणि बोटीवरच ते वाचून काढले. पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत असतानाच तेथल्या एका खोलीत त्यांनी सांख्यिकीची प्रयोगशाळा थाटली. १९३१ मध्ये तिच्यातूनच भारतीय सांख्यिकी संस्था जन्मास आली आणि १९३३ मध्ये तिचे ‘संख्या’ हे नियतकालिक निघू लागले.

त्यांच्या पद्धतीची खरी कसोटी लागली ती बंगालच्या तागावर. रयतवारीच्या मुलखात तलाठ्याच्या दप्तरात पिकांची नोंद तरी असे. कायमधाऱ्याच्या बंगालमध्ये तशी यंत्रणाच नव्हती. गावच्या चौकीदाराने नजरेने ठरवावे आणि सरकारने ते छापावे, असा प्रकार होता. १९३७ पासून महालनोबिसांनी नमुना पाहणी सुरू केली ती लहान प्रमाणावर. दरवर्षी तिचा विस्तार करीत १९४१ पर्यंत त्यांनी सारा प्रांत तिच्या कक्षेत आणला. १९४३ च्या भीषण दुष्काळात प्रांतात तांदूळ नेमका किती आहे याचा भरवशाचा आकडा सरकारजवळ नव्हता, हे आठवले म्हणजे पिकाच्या अंदाजाला केवढे मोल असते ते ध्यानी येते. त्या दुष्काळात उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबांची पाहणीही पुढे महालनोबिसांनीच करविली.

बंगालमधील शेतांचे तुकडे आकाराने अत्यंत विषम. यादीतून चिठ्ठ्या टाकून तुकडे निवडले, तर काही गुंठ्यांच्या तुकड्याला आणि काही एकरांच्या शेताला सारखीच संधी मिळते. पण पीक उभे असते ते जमिनीत. यादीतील क्रमांकांत नव्हे! म्हणून तुकड्यांच्या क्षेत्रफळांची चढती बेरीज मांडावी, त्या बेरजेच्या आतील एखादी संख्या यदृच्छेने घ्यावी आणि ती ज्या तुकड्याच्या वाट्यात पडेल तो निवडावा, ही रीत महालनोबिसांच्या १९३८ च्या सुमाराच्या कामात आढळते. अमेरिकेत हॅन्सन आणि हर्विट्झ यांनी १९४३ मध्ये या आकारप्रमाण निवडीला पद्धतशीर सिद्धान्ताचे रूप दिले.

हा सिद्धान्त समजण्यास अवघड नाही. एका तालुक्यात पाच हजार वस्तीचे बाजारगाव आहे आणि दोनशे वस्तीची वाडी आहे, असे समजा. वस्तीच्या प्रमाणात संधी दिली तर बाजारगाव निवडले जाण्याची शक्यता वाडीच्या पंचवीसपट होते. मात्र तेथे जे मोजले जाईल त्याला त्या संधीने भागावयाचे असते. त्यामुळे मोठ्या गावाला मिळालेला झुकता कल हिशेबात पुरता फिटतो. धान्याचा खप जर वस्तीच्या प्रमाणात असेल, तर कोणतेही गाव हाती लागले तरी तालुक्याचे उत्तर जवळपास तेच येते. समान संधीच्या साध्या पद्धतीत मात्र बाजारगाव नमुन्यात आले की अंदाज फुगतो आणि सुटले की खाली बसतो. शिवाय निवडलेल्या प्रत्येक गावातून सारखीच कुटुंबे घेतली, तर दर कुटुंबाला अखेर सारखीच संधी मिळते आणि पाहणीसाचे कामही सर्वत्र सारखे राहते.

सिद्धान्त सोपा असला तरी राबविणे कष्टाचे होते. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली तेव्हा गणकयंत्रे नव्हती. हजारो गावांच्या लोकसंख्येची चढती बेरीज हातानेच करावी लागली असती. त्यावर महालनोबिसांचे सहकारी लाहिरी यांनी १९५१ मध्ये सुंदर तोड काढली. यदृच्छेने एक गाव घ्यावे. मग सर्वांत मोठ्या गावाच्या वस्तीपर्यंतची एक संख्या यदृच्छेने घ्यावी. ती त्या गावाच्या वस्तीहून अधिक नसेल तर गाव स्वीकारावे, नाहीतर दोन्ही चिठ्ठ्या पुन्हा टाकाव्यात. बेरजेची गरजच उरत नाही.

मतभेदही झाले. मूळचे सातारा जिल्ह्यातील डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी महालनोबिसांच्या पीककापणीतील अवघ्या काही फुटांच्या वर्तुळांवर आक्षेप घेतला. वर्तुळ लहान असले की कडेवरची रोपे आत ओढली जातात आणि उत्पन्न वाढून दिसते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखविले. या मुद्द्यावर सुखात्म्यांचीच बाजू बळकट होती. वस्तुतः क्षेत्रातील चूक नमुन्याच्या चुकीहून घातक ठरू शकते हे महालनोबिसही जाणून होते. म्हणूनच तर एकाच प्रदेशात दोन स्वतंत्र नमुने दोन निराळ्या पथकांकडून पाहून घेण्याची त्यांची पद्धत होती.

एकच गाव पुन्हा पुन्हा निवडले जाऊ द्यावे की नाही, यावर पुढे मोठा खल झाला. १९५१ मध्ये नारायण यांनी आणि १९५२ मध्ये हॉर्विट्झ व थॉम्पसन यांनी पुनरावृत्तीविना निवडीचा मार्ग मांडला. त्यात अंदाज बहुधा अधिक काटेकोर येतो. पण दोन-दोन गावे एकत्र निवडली जाण्याची संभाव्यता काढणे किचकट होते, आणि चुकीचे मोजमाप कधी कधी ऋण येण्याचा विचित्र प्रसंगही ओढवतो. या सर्वांतून सर्वोत्तम कोणती, या प्रश्नावर मराठी संख्याशास्त्रज्ञ वि. प्र. गोडांबे यांनी १९५५ मध्ये पडदा टाकला. सर्व परिस्थितींत श्रेष्ठ ठरेल असा निःपक्ष रेषीय अंदाज अस्तित्वातच नाही, हे त्यांनी गणिताने सिद्ध केले.

गोडांबे सहसंपादक असलेल्या १९७१ च्या एका ग्रंथात महालनोबिसांच्याच संस्थेतील देवव्रत बसू यांनी एक मार्मिक कथा रचली. सर्कशीच्या मालकाला पन्नास हत्तींचे एकूण वजन हवे असते. संख्याशास्त्रज्ञ मध्यम वजनाच्या हत्तीला शंभरात नव्याण्णव इतकी संधी देतो आणि बाकीच्यांना प्रत्येकी चार हजार नऊशेत एक. अपेक्षेप्रमाणे मध्यम हत्तीच निवडला जातो, आणि सूत्रानुसार पन्नास हत्तींचे वजन त्या एका हत्तीहून किंचितच अधिक भरते! सूत्र निःपक्षच असते, पण दिलेल्या संधीचा हत्तींच्या वजनाशी संबंध नसतो. मागांची संख्या किंवा खाणकामगार मोजावयाचे असतील, तर लोकसंख्येच्या प्रमाणात निवडलेली गावेही असाच दगा देऊ शकतात. आणि एकाच पाहणीतून दहा विषयांची उत्तरे मागितली जातात, तेव्हा ही अडचण टळत नाही.

२८ जून १९७२ रोजी, एकोणऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, महालनोबिस निवर्तले. त्यांचा जन्मदिवस २००७ पासून राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. २०११-१२ च्या अडुसष्टाव्या फेरीतही ग्रामीण गावे आकारप्रमाणानेच निवडली गेली. आकार होता तो २००१ च्या जनगणनेतील. दरम्यान वाढलेल्या गावांना त्यामुळे हक्काहून कमी संधी मिळाली. एवढ्याने अंदाज एका बाजूला झुकत नाही, पण तो अधिक डळमळीत होतो. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, आणि त्यानंतरच्या पाहण्यांना २०११ च्याच याद्यांवर भागवावे लागले.