इंग्लंडमधून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सनी मराठीत पुराण कसं लिहिलं?

दरवर्षी २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आला की व्हॉट्सॲपवर मराठीचं कौतुक करणाऱ्या ओव्या फिरायला लागतात. त्यात ज्ञानेश्वर असतात आणि बऱ्याचदा फादर स्टीफन्सही असतात. रत्नांमध्ये, फुलांमध्ये, सुगंधांमध्ये जे जे श्रेष्ठ, तशी भाषांमध्ये मराठी, असं सांगणाऱ्या त्या ओव्या त्यांच्या आहेत.

नावावरून माणूस परदेशी होता हे कळतं. पण तो गोव्यात कसा आला, इथे कसा रुळला आणि ज्या सत्तेच्या जहाजातून तो आला त्या सत्तेचं आणि इथल्या भाषेचं नातं काय होतं, हे फारसं सांगितलं जात नाही. गोष्ट तिथेच आहे.

थॉमस स्टीफन्सचा जन्म साधारण १५४९ चा. इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यातलं बुश्टन हे त्याचं गाव. वडील व्यापारी. शिक्षण विंचेस्टरच्या नावाजलेल्या शाळेत झालं. म्हणजे घरची परिस्थिती चांगली होती, पुढे काहीतरी बरं झालंच असतं.

अडचण होती धर्माची. तेव्हा इंग्लंडच्या गादीवर राणी पहिली एलिझाबेथ होती. देश प्रोटेस्टंट झाला होता आणि स्टीफन्स कॅथलिक होता. उघडपणे कॅथलिक राहणं म्हणजे दंड, तुरुंग आणि सतत पाळत. थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत कॅथलिक मित्रासोबत त्याने रोमला जाऊन जेझुइट व्हायचं ठरवलं. जेझुइट म्हणजे सोसायटी ऑफ जीझस या कॅथलिक संघाचे सदस्य. शिक्षण आणि परदेशातलं मिशनचं काम यासाठी हा संघ ओळखला जातो. निघायच्या आधीच पाउंड पकडला गेला आणि पुढची कितीतरी वर्षं तुरुंगात राहिला. स्टीफन्स एकटाच रोमला पोचला आणि ऑक्टोबर १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाला.

त्या काळी फ्रान्सिस झेवियर यांच्या पूर्वेकडच्या कामाच्या गोष्टी युरोपभर पसरल्या होत्या. स्टीफन्सला जायचं होतं तिकडेच. पण भारताकडे जाणारा समुद्रमार्ग होता पोर्तुगीजांच्या हातात. त्यामुळे रस्ता एकच, लिस्बनहून पोर्तुगीज जहाजात बसायचं आणि गोव्याला उतरायचं.

बापाला लिहिलेलं पत्र

४ एप्रिल १५७९ ला पाच जहाजांचा ताफा लिस्बनहून निघाला. गोव्याला पोचला २४ ऑक्टोबरला. म्हणजे साडेसहा महिन्यांहून जास्त प्रवास. पोचल्यावर अडीच-तीन आठवड्यांत, १० नोव्हेंबरला, त्याने वडिलांना सविस्तर पत्र लिहिलं.

परदेशात गेलेला मुलगा घरी जे जे कळवतो ते सगळं त्यात आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत वारा पडतो आणि जहाज दिवसेंदिवस जागच्या जागी उभं राहतं, त्याचा वैताग आहे. शार्क आणि उडणारे मासे आहेत. केप ऑफ गुड होपजवळ जहाज किनाऱ्यावर आदळता आदळता वाचलं, तो प्रसंग आहे. पुढे तर खलाशांचा अंदाज इतका चुकला की भारत जवळ आला असं वाटत असताना जहाज तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या सोकोत्रा बेटाजवळ होतं. शेवटी पक्षी, पाण्यावर तरंगणाऱ्या माडाच्या फांद्या आणि पोहणारे साप दिसले, तेव्हा किनारा जवळ आल्याची खात्री पटली.

आणि आजार. हिरड्या सुजायच्या, पाय सुजायचे, अंगातली ताकद जायची. हा स्कर्व्ही, म्हणजे ताजी फळं आणि भाजी न मिळाल्याने होणारा रोग. त्याचं कारण तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. जहाजावर दीडशेहून जास्त लोक आजारी पडले आणि २७ जण दगावले. आधीच्या प्रवासांच्या मानाने हा आकडा कमीच समजला गेला. त्यावरून त्या काळी भारताला येणं म्हणजे काय होतं, हे कळतं.

गोव्याबद्दलही त्याने लिहिलं. युरोपात पाहिलेलं एकही झाड इथे दिसत नाही, अपवाद फक्त द्राक्षवेलीचा, आणि तिचाही इथे उपयोग नाही, कारण वाइन पोर्तुगालहूनच येते, हे त्याचं निरीक्षण. माड आणि माडाची दारू त्याला नवी होती.

रिचर्ड हॅक्लूट या इंग्रज संपादकाने पुढे १५८९ मध्ये सागरी सफरींच्या आपल्या मोठ्या संग्रहात हे पत्र छापलं. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०० मध्ये. त्याच्या २१ वर्षं आधी हा माणूस गोव्यात उतरला होता. भारतात येऊन कायमचा राहिलेला पहिला इंग्रज म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं.

सासष्टीतली चाळीस वर्षं

यानंतरचं जवळपास सगळं आयुष्य फादर स्टीफन्सनी सासष्टीत काढलं. ही मुंबईजवळची साष्टी नव्हे, तर दक्षिण गोव्यातला मडगावच्या आसपासचा भाग.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सासष्टी तेव्हा शांत नव्हती. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं होतं. १५६७ च्या सुमारास सासष्टीतली शेकडो देवळं पोर्तुगीजांनी पाडली. आज आपण फोंडा तालुक्यात ज्या मंगेशीला, शांतादुर्गेला, म्हाळसेला जातो, त्या देवता मुळात याच भागातल्या. मंगेश कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची. लोकांनी आपले देव उचलून नदीपलीकडे पोर्तुगीज हद्दीबाहेर नेले. जे मागे राहिले त्यांच्यावर धर्मांतराचा दबाव होता आणि त्यांच्या जुन्या पोथ्या-पुराणांवर बंदी आली होती.

जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीत याचा स्फोट झाला. चर्चसाठी जागा बघायला आलेल्या मंडळींवर गावकऱ्यांनी हल्ला केला आणि त्यात पाच जेझुइट मारले गेले. त्यांचे मृतदेह ताब्यात घेऊन दफनाची व्यवस्था करायचं काम फादर स्टीफन्स यांच्याकडे आलं. त्यानंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे त्यांना ठार केलं.

याच वर्षी हॉर्मुझला पकडलेले राल्फ फिच, जॉन न्यूबेरी वगैरे इंग्रज प्रवासी कैदी म्हणून गोव्यात आणले गेले. पोर्तुगीजांना ते हेर वाटत होते. त्यांची जामिनावर सुटका व्हावी म्हणून धडपड केली ती फादर स्टीफन्सनी. धर्मावरून देश सोडलेला माणूस, पण परमुलखात अडकलेल्या देशबांधवांसाठी उभा राहिला.

कान भाषेकडे लागले

ऑक्टोबर १५८३ मध्ये फादर स्टीफन्सनी आपल्या रिचर्ड नावाच्या भावाला पत्र लिहिलं. त्यातला एक मुद्दा भाषेचे अभ्यासक आजही सांगतात. इथल्या भाषा कानाला गोड आहेत आणि त्यांची रचना ग्रीक आणि लॅटिनशी जुळते, असं त्यांनी कळवलं होतं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं हा विल्यम जोन्सचा प्रसिद्ध विचार आला १७८६ मध्ये. स्टीफन्सनी हे साम्य त्याच्या दोनशे वर्षं आधी टिपलं होतं.

ते कोकणी शिकले, मराठी शिकले. गोव्यात घरात कोकणी बोलली जायची, तर पोथी-पुराण आणि कीर्तनाची भाषा मराठी होती. हा फरक त्यांनी नीट ओळखला. प्रश्नोत्तरांतून धर्मशिक्षण देणारं पुस्तक त्यांनी कोकणीत लिहिलं, ते त्यांच्यामागे १६२२ मध्ये छापलं गेलं. कोकणीचं व्याकरण त्यांनी पोर्तुगीजमध्ये लिहिलं, ते १६४० मध्ये राशोलला छापलं गेलं. भारतीय भाषेचं छापून निघालेलं पहिलं व्याकरण म्हणून त्याचा उल्लेख होतो.

आणि काव्य लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी मराठी निवडली.

पुराणाच्या जागी पुराण

ख्रिस्तपुराणाच्या सुरुवातीलाच त्यामागचं कारण येतं. एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विचारतो, की आमची जुनी पुराणं तर तुम्ही बंद केलीत, मग आता आम्ही वाचायचं काय? त्या जागी दुसरं काहीतरी द्या.

या प्रश्नातच सगळी गोष्ट आली. लोकांच्या हातातली पोथी काढून घेतली होती आणि पोथीवाचून त्यांना करमत नव्हतं. फादर स्टीफन्सनी त्यांच्या हातात पोर्तुगीज पुस्तक ठेवलं नाही. त्यांनी ओवी घेतली. ज्ञानेश्वरांपासून चालत आलेला आणि त्याच काळात पैठणला एकनाथ वापरत होते तोच छंद. बायबलची गोष्ट पहिलं पुराण आणि दुसरं पुराण अशा दोन भागांत सांगितली. एकूण ९५ अध्याय आणि जवळपास ११ हजार ओव्या. स्वर्गाला शब्द वापरला वैकुंठ. ऐकणाऱ्याला कळेल अशी सोपी मराठी, त्यात कोकणी शब्दांची पेरणी.

हे पुस्तक देवनागरीत छापायची त्यांची इच्छा होती. १६०८ मध्ये त्यांनी रोमला वरिष्ठांना तसं कळवलंही. पण अडचण खिळ्यांची होती. युरोपात २४ अक्षरांवर काम भागायचं, इथे जोडाक्षरं धरून सहाशेच्या आसपास खिळे पाडावे लागणार होते. ते जमलं नाही. शेवटी १६१६ मध्ये राशोलच्या छापखान्यात ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते रोमन लिपीत. म्हणजे आपण आज मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतो, तसंच काहीसं. लिस्बनहून निघाल्याला तेव्हा ३७ वर्षं झाली होती.

१६१९ मध्ये फादर स्टीफन्स गोव्यातच वारले. इंग्लंडला ते परत कधी गेले नाहीत.

मग भाषेवरच बंदी आली

ख्रिस्तपुराण लोकांनी उचलून धरलं. चर्चमध्ये, घराघरांत ते गायलं जायचं. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं गेलं. पण १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढलं, की तीन वर्षांत लोकांनी स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. ज्या सत्तेने आधी हिंदूंच्या पोथ्या बंद केल्या, तिला आता त्याच मातीतल्या भाषेत गायलं जाणारं ख्रिस्ती पुराणही नको होतं.

त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज माहीत नाही. पुराण टिकलं ते हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींमधून. गोवा सोडून कर्नाटकच्या किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ती जपली, आणि तिथल्याच हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी ख्रिस्तपुराण पुन्हा छापलं. लंडनमध्ये देवनागरीतलं एक हस्तलिखितही सापडलं. १९५६ मध्ये पुण्यात शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत आवृत्ती काढली आणि मग मराठी वाचकाला हे पुराण आपल्या लिपीत वाचता आलं.

म्हणून फादर स्टीफन्स यांच्याकडे एकाच नजरेने बघता येत नाही. ते धर्मप्रसारासाठी आले होते आणि ज्या राजवटीच्या आधाराने ते काम चाललं, तिने देवळं पाडली, माणसं मारली. ख्रिस्तपुराणाची गरज निर्माण झाली तीच जुन्या पुराणांवरच्या बंदीमुळे. हे लपवून नुसतं मराठीप्रेमी इंग्रज म्हणून त्यांचं कौतुक करणं अर्धवट ठरेल. पण त्याच राजवटीत राहून त्यांनी इथल्या माणसाची भाषा कमी लेखली नाही. ती शिकले, तिचं व्याकरण मांडलं आणि स्वतःच्या श्रद्धेतली सर्वात मोठी गोष्ट सांगायला तीच योग्य मानली, हेही तितकंच खरं.

आज पर्वरीला कोकणी भाषेच्या संशोधनाचं एक केंद्र आहे. त्याला नाव दिलंय थॉमस स्टीफन्स यांचं. कोकणी लोक त्यांना आपलं मानतात आणि मराठी लोकही आपलं मानतात. वडिलांना पत्र लिहिताना ज्याला इथलं एकही झाड ओळखीचं वाटत नव्हतं, त्या माणसावर आज दोन भाषा हक्क सांगतात.