संत चोखामेळा : महाद्वाराबाहेरचा भक्त

॥ श्री विठ्ठल-रुक्मिणी प्रसन्न ॥

आपल्या गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्णत्वास जात असताना एका अशा संताचे स्मरण करणे उचित वाटते, की ज्यांना हयातभर मंदिराची पायरी चढता आली नाही. ते संत म्हणजे चोखामेळा. भोगावे लागले ते सारे त्यांनी भोगले, परंतु विठ्ठलावरील त्यांची निष्ठा तसूभरही ढळली नाही.

चोखोबांचा जन्म आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील, देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा या गावी झाला, असे मानतात. म्हणजे हे संतरत्न आपल्या वऱ्हाडच्याच मातीतले. त्यांचे गुरू संत नामदेव. नामदेवरायांचे नरसी हे गाव आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात आहे. गुरू-शिष्य दोघेही या परिसराचे, ही आपणा सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे.

चोखोबा महार समाजात जन्मले. त्या काळी या समाजास अस्पृश्य मानीत. गावकुसाबाहेर राहावे, मेलेली गुरे ओढावीत, सांगेल ते वेठीचे काम करावे आणि मिळेल त्या शिळ्यापाक्यावर पोट भरावे, असे ते जिणे होते. त्यांच्या पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा आणि मेहुणे बंका हे सारेच विठ्ठलभक्त होते. या पाचही जणांनी अभंगरचना केली. एकाच घरातून एवढे संतकवी निघाल्याचे उदाहरण आपल्या संतपरंपरेत विरळाच सापडेल. चोखोबांचे सुमारे साडेतीनशे अभंग आज उपलब्ध आहेत.

विठ्ठलाच्या ओढीने चोखोबा पंढरपुरास येऊन राहिले. पण ज्याच्यासाठी आले, त्याचे दर्शन दुरूनच घ्यावे लागे. महाद्वाराबाहेर उभे राहावे, कळसाकडे पाहून हात जोडावेत आणि परत फिरावे, हा त्यांचा नित्यक्रम झाला. सांप्रदायात अशी कथा सांगतात, की एके रात्री प्रत्यक्ष पांडुरंगाने त्यांना हाताशी धरून गाभाऱ्यात नेले आणि आपल्या गळ्यातील हार त्यांच्या गळ्यात घातला. सकाळी हार त्यांच्यापाशी सापडला. चोरीचा आळ आला, देव बाटविल्याचा ठपका आला आणि शिक्षा झाली. पुढे त्यांना चंद्रभागेच्या पैलतीरी हाकलून देण्यात आले. तेथे त्यांनी झोपडी बांधली व एक दीपमाळ उभारली. राऊळापर्यंत पाय पोहोचत नव्हते, निदान दिव्याचा उजेड तरी पोहोचावा, हीच त्यामागची तळमळ असावी.

सोयराबाईंच्या बाळंतपणाची कथाही कीर्तनांतून ऐकावयास मिळते. घरात अन्नाचा कण नाही, चोखोबा बहिणीकडे गेलेले. अशा वेळी विठ्ठल नणंदेचे, म्हणजे निर्मळेचे रूप घेऊन आले आणि त्यांनी सारी सेवा केली. कथेतील चमत्कार ज्याने त्याने आपल्या भावाप्रमाणे घ्यावा. ज्यांच्या दारी माणसे फिरकत नव्हती, त्यांच्या दारी देव आला, हे त्या कथेचे सार आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चोखोबांनी अन्याय मुकाट्याने सोसला, असे नव्हे. त्यांनी आपल्या अभंगांतून देवालाच जाब विचारला. विटाळ म्हणजे काय, तो कोठून येतो आणि त्यातून सुटला आहे तरी कोण, असा त्यांचा सवाल होता. सोयराबाईंनीही तोच प्रश्न केला. कर्ममेळ्याने तर आपल्या जन्माबद्दल देवाशी उघड भांडण मांडले. परक्यापाशी कोणी असे भांडत नाही. देव आपला आहे, अशी खात्री असली म्हणजेच माणूस त्याच्याशी भांडतो. चोखोबांची श्रद्धा अशी जिवंत होती. त्यांची भक्ती थोर होती म्हणून त्यांच्यावरील अन्याय लहान ठरत नाही, हे आपण भाविकांनी विसरू नये.

इ.स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाच्या भिंतीचे काम चालू होते. वेठीच्या मजुरांत चोखोबाही होते. भिंत कोसळली आणि अनेक मजुरांसह ते तिच्याखाली गाडले गेले. नामदेवराय तेथे गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी निघाला, त्या चोखोबांच्या, अशी त्यांनी ओळख पटविली, असे परंपरा सांगते. त्या अस्थी त्यांनी पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. आजही वारकरी नामदेव पायरीला आणि चोखोबांच्या समाधीला माथा टेकून मगच विठ्ठलाकडे जातो. आपल्या जिल्ह्यातील मालेगाव-रिसोडवरून दरसाल शेगावची पालखी पंढरीस जाते. तिच्यासोबत गेलेल्या अनेकांनी हे दर्शन घेतले असेल.

परंतु समाधी दाराशी झाली, तरी दार उघडले नाही. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. १० मे रोजी ते सुटले आणि विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले झाले. चोखोबा गेल्यास तेव्हा ६०९ वर्षे झाली होती! पुढच्याच वर्षी, १९४८ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या मुळाचा शोध घेणारा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेने अस्पृश्यता कायमची बंद केली.

ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, चोखोबा भिंत बांधताना गेले. त्यांचे ते श्रम वेठीचे होते. आपल्या मंदिराची भिंत मात्र राजीखुशीच्या श्रमांतून उभी राहिली आहे. कोणी मोठी देणगी दिली, कोणी सिमेंटचे पोते दिले, कोणी धान्य दिले, तर कोणी उन्हातान्हात डोक्यावरून घमेली वाहिली. पावतीवरील आकडा निराळा असेल, पण देवापाशी सर्वांची सेवा सारखीच. ज्यांच्याजवळ देण्यासारखे हातांखेरीज काही नव्हते, त्यांच्या नावाची फरशी बसणार नाही, तरी त्यांच्या घामाचा ओलावा या जोत्यात मुरलेला आहे.

संकटे आपणासही चुकलेली नाहीत. पाऊस दगा देतो, पीक हातचे जाते, कधी आपलीच माणसे अन्यायाने वागतात. अशा वेळी चोखोबांचे स्मरण ठेवावे. देवाशी भांडावे, पण त्याला सोडू नये. आणि आपल्याकडून कोणावर अन्याय होत असेल, तर आधी तो थांबवावा, मग घंटा वाजवावी.

या मंदिराच्या दाराशी येणारा कोणीही, कोणत्याही वस्तीतला असो, बाहेर ताटकळत न राहो. तसे झाले तरच हा जीर्णोद्धार खऱ्या अर्थाने सुफळ संपूर्ण झाला, असे म्हणता येईल. पांडुरंग आपणा सर्वांस तशी बुद्धी देवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.