ह्यूमसाहेबांची चिठ्ठी

काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात वेंगुर्ल्याला गेलो होतो. रात्रभर वादळ झाले होते. सकाळी मुलीला घेऊन किनाऱ्यावर फिरताना ओल्या वाळूत एक दमलेला पक्षी दिसला. वरून काळपट तपकिरी, पोटाशी पांढरा. हा कोणता, असे मुलीने विचारले. मला सांगता आले नाही. तासाभराने परत आलो तर तो नव्हता. ना फोटो, ना माप. आता तारीखही आठवत नाही. म्हणजे तो पक्षी आम्हाला दिसला की नाही, हे आमच्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही!

ही चुटपुट मनात घेऊन वाचत गेलो आणि ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम भेटले. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे म्हणून आपण त्यांना शाळेपासून ओळखतो. १८८५ सालचे पहिले अधिवेशन आधी पुण्यात व्हायचे होते; पटकीच्या साथीमुळे ते मुंबईला हलवावे लागले. पण हेच ह्यूम भारतीय पक्षिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक होते, हे आपल्याला सहसा सांगितले जात नाही.

ह्यूम यांचा जन्म १८२९चा. सरकारी नोकरीत ते इटाव्याला असताना १८५७चा उठाव झाला आणि त्यांचा पक्ष्यांचा पहिला संग्रह नष्ट झाला. दुसरा कुणी असता तर नाद सोडून बसला असता. ह्यूम यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. १८७२ साली त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्ष्यांना वाहिलेले नियतकालिक काढले. त्याच सुमारास मकरानच्या समुद्रावर लाटांना लगटून उडणारा एक पक्षी त्यांना मिळाला. विज्ञानाला तो नवा होता. त्याला आज पर्शियन शिअरवॉटर म्हणतात. १८७५ साली लक्षद्वीपच्या सफरीत ते आपल्या वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरही उतरले होते.

त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे बंदुकीने टिपायचा. मग पंख, चोच, पाय मोजायचे. डोळ्यांचा आणि पायांचा रंग उडण्याआधी लिहून घ्यायचा. कातडे सुकवून पायाला चिठ्ठी बांधायची. तिच्यावर जागा आणि तारीख. आज बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, हे फार चांगले झाले. पण चिठ्ठीची गरज काही संपलेली नाही.

आयुष्यभराच्या टिपणांतून ह्यूम यांना भारतीय पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहायचा होता. पण सिमल्याच्या घरातून ती हस्तलिखिते नाहीशी झाली आणि बाजारात रद्दीच्या भावाने विकली गेली. या घावाने ते खचले. १८८५ साली कातडी आणि अंडी मिळून सुमारे ८२,००० नमुने त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. पुढे ते इंग्लंडला परतले, वनस्पतींच्या अभ्यासात रमले आणि १९१२ साली वारले.

ग्रंथ गेला, चिठ्ठ्या मात्र राहिल्या. १८६७ साली सतलजच्या खोऱ्यात ह्यूम यांना मोठ्या चोचीचा, बोरूच्या बनात राहणाऱ्या पक्ष्यांच्या जातीतला एक बारकासा पक्षी मिळाला होता. पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे तसा दुसरा पक्षी कुणालाच ओळखता आला नाही. ही वेगळी जात आहे की नाही, याचीच शंका घेतली जाऊ लागली. २००२ साली त्या जुन्या कातड्याच्या डीएनए तपासणीने ह्यूम यांच्या बाजूने कौल दिला. २००६ साली थायलंडच्या किनाऱ्यालगत तोच पक्षी जिवंत, जाळ्यात सापडला!

हे वाचल्यावर मी एक साधी वही आणली. हल्ली समुद्रावर जाताना ती माझ्या पिशवीत असते. तारीख, जागा, वेळ आणि पक्ष्याचे वर्णन मुलगी लिहिते. नाव ठाऊक नसले तर ती जागा आम्ही कोरी ठेवतो. नाव काय, मागाहूनही भरता येते; हुकलेली तारीख मात्र कधीच भरता येत नाही.