आवाजाचे दाणे वेचणारा माणूस : यानिस झेनाकिस



आमच्या आहुप्यात जुलै महिन्यात पत्र्याच्या छपरावर पाऊस सुरू झाला की वर्गात बोलून शिकवणं बंदच करावं लागतं. फळ्यावर लिहायचं आणि मुलांनी वाचायचं. डोंगराकडच्या शाळेत नोकरी केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. आता त्या आवाजाकडे जरा कान देऊन बघा. पत्र्यावर पडणारा एक थेंब म्हणजे नुसतं 'टक्'. त्यात सूर नाही, ताल नाही. पण असे हजारो 'टक्' एकत्र आले की जो आवाज होतो तो चढतो, ओसरतो, कड्याकडून आपल्याकडे सरकत येतो. एकट्या थेंबात यातलं काहीच नसतं. मग तो आकार येतो कुठून?

हा प्रश्न आयुष्यभर धरून ठेवलेल्या एका संगीतकाराची आज ओळख करून देते. त्यांचं नाव यानिस झेनाकिस. मूळ ग्रीक उच्चार 'क्सेनाकिस' असा आहे. 'क्सेनोस' म्हणजे परका, आणि आडनावाचा अर्थ साधारण 'छोटा परका' असा निघतो. पुढचं आयुष्य वाचलंत तर हे आडनाव किती खरं ठरलं ते कळेल.

यानिसचा जन्म रुमानियातल्या ब्राइला या गावात, २९ मे १९२२ रोजी झाला (काही ठिकाणी १९२१ साल दिलेलं आहे). आईवडील ग्रीक, वडील व्यापारी. आई पियानो वाजवायची. तिने लहानपणी त्याला एक बासरी आणून दिली होती. यानिस जेमतेम पाच वर्षांचा असताना आई गेली. दहाव्या वर्षी त्याला ग्रीसमधल्या स्पेत्सेस बेटावर निवासी शाळेत पाठवलं. आश्रमशाळेत शिकवणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावं. घरापासून लांब आलेलं, आई नसलेलं दहा वर्षांचं मूल कसं दिसतं, हे आपण दर जूनमध्ये बघतो. हे मूल गणितात आणि गाण्यात रमलं.

पुढे अथेन्सच्या पॉलिटेक्निकमध्ये स्थापत्य अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला तो १९४० साली. त्याच ऑक्टोबरमध्ये इटलीने ग्रीसवर हल्ला केला आणि कॉलेज बंद पडलं. नंतर जर्मनांनी देश ताब्यात घेतला. यानिस प्रतिकार चळवळीत शिरला, तुरुंगात जाऊन आला.

त्या वर्षांतली एक आठवण त्यांनी पुढे आपल्या लेखनात सांगितली आहे. अथेन्सच्या रस्त्यावर हजारो माणसांचा मोर्चा निघायचा. पुढची रांग एक घोषणा द्यायची, ती लाटेसारखी मागच्या टोकापर्यंत जायची. मग दुसरी घोषणा पुढून निघायची. सगळं शहर एका ठेक्यात. तेवढ्यात पुढचे लोक शत्रूच्या समोर येतात आणि गोळ्या सुटतात. ठेका तुटतो. घोषणांचे तुकडे होतात, किंकाळ्या मिसळतात, बंदुकांचे आवाज त्यात विखुरतात. आणि मग एकदम शांतता.

झेनाकिस यांनी हे कानाने टिपून ठेवलं. यात एकेका माणसाचा आवाज वेगळा ऐकू येत नाही. पण गर्दीच्या आवाजाला स्वतःचा नियम आहे, तो शिस्तीतून गोंधळाकडे जातो आणि ते जाणं आपल्याला ऐकू येतं. पत्र्यावरचा पाऊस, गारा, उन्हाळ्यात रानात एकदम किरकिरायला लागणारे किडे, हे सगळं त्यांनी याच एका घरात बसवलं. मेच्या शेवटी आमच्या देवराईत गेलात तर हे किडे ऐकाल. एक किडा शोधू म्हटलं तर सापडत नाही, आणि आवाज मात्र सगळीकडे.

डिसेंबर १९४४मध्ये जर्मन निघून गेले होते, पण अथेन्समध्ये ब्रिटिश सैन्य आणि डावे लढवय्ये यांच्यात लढाई पेटली. त्या धुमश्चक्रीत रणगाड्याचा गोळा जवळ फुटला. सोबतचे मेले. यानिसचा डावा डोळा गेला, गालाचं हाड फुटलं. मेलाच म्हणून सोडलेला हा तरुण वाचला. तशाच अवस्थेत त्याने शिक्षण पुरं केलं. पण डाव्यांची धरपकड सुरू झाली तेव्हा १९४७ साली खोट्या पासपोर्टवर इटलीमार्गे त्याने पॅरिस गाठलं. पुढे अमेरिकेला जायचा विचार होता. पॅरिसमध्येच राहिला. मागे ग्रीसमध्ये त्याच्या गैरहजेरीत त्याला मृत्युदंड सुनावला गेला. पुढची सत्तावीस वर्षं, म्हणजे १९७४ साली तिथली लष्करी राजवट पडेपर्यंत, मायदेशात पाय ठेवता आला नाही. मित्र मेले आणि आपण तेवढे जगलो, हे ओझं त्यांनी शेवटपर्यंत वाहिलं.

पॅरिसमध्ये पोटासाठी नोकरी धरली ती ल कॉर्बूझिए यांच्या कचेरीत. होय, चंदीगड शहराचा आराखडा केला तेच. चंदीगडच्या विधानभवनाच्या कामातही झेनाकिस यांचा हात होता. दिवसभर इमारतींची गणितं आणि रात्री संगीत, असं चाललं होतं. शास्त्रशुद्ध संगीत शिकावं म्हणून ते एकेका नामांकित शिक्षकाकडे गेले. कुणी नियम चुकले म्हणून रागावलं, कुणी हे संगीतच नाही म्हणून वाटेला लावलं. शेवटी ते ऑलिव्हिए मेसियां यांच्याकडे पोहोचले. तोवर तिशी आली होती. मेसियां यांनी त्यांचं काम बघितलं आणि सांगितलं की तुम्ही आता स्वरसंहतीचे धडे नव्याने गिरवत बसू नका. तुम्ही ग्रीक आहात, तुम्हाला गणित येतं, स्थापत्य येतं, तेच संगीतात आणा.

मला या माणसाच्या चरित्रात सगळ्यात मोलाची जागा हीच वाटते. विद्यार्थ्यात जे कमी आहे ते भरायला निघालेले शिक्षक त्यांना बरेच भेटले होते. जे आहे ते बघणारा हा पहिला.

मग झेनाकिस यांनी खरोखर तेच केलं. 'मेटास्टासिस' ही रचना १९५५ साली जर्मनीत वाजली. ६१ वादक, आणि प्रत्येकाच्या हातात वेगळा कागद. व्हायोलिनवाले एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातात, प्रत्येकाचा वेग वेगळा. आलेखावर काढलं तर सरळ रेघा, पण सगळ्या मिळून वळण तयार होतं. पुढच्या 'पिथोप्राक्टा'साठी त्यांनी वायूच्या रेणूंच्या वेगाचं गणित घेतलं. एक रेणू कुठे जाईल ते सांगता येत नाही, पण कोट्यवधी रेणूंचं मिळून तापमान सांगता येतं. तसंच सुरांचं.

१९५८ साली ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात फिलिप्स कंपनीसाठी एक मंडप बांधायचा होता. 'मेटास्टासिस'च्या त्याच घसरत्या रेघांवरून झेनाकिस यांनी त्याचा आकार काढला. आत शेकडो लाउडस्पीकर. लोक आत येताना-बाहेर जाताना वाजवायला त्यांनी पावणेतीन मिनिटांची एक ध्वनिफीत केली. तिच्यात वाद्य एकही नाही. जळत्या कोळशाची तडतड तेवढी ध्वनिमुद्रित केली, तिचे छोटे तुकडे कापले आणि थरावर थर चढवले. आपल्याकडे प्रभातच्या 'कुंकू'त १९३७ साली पार्श्वसंगीताऐवजी रोजच्या जगण्यातले आवाज वापरले होते, त्यामुळे ही कल्पना मराठी कानाला अगदीच परकी नाही. पण झेनाकिस यांनी कोळशाचा आवाज कोळसा दाखवायला वापरलेला नाही. ऐकताना काचेच्या बारीक तुकड्यांचा पाऊस पडतोय असं वाटतं.

मंडप गाजला. त्यावर नाव मात्र आधी एकट्या साहेबांचं लागलं. झेनाकिस भांडले, आणि आपलं नाव जोडून घेतलं. पुढच्या वर्षी त्यांची नोकरी गेली.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. डेनिस गॅबर नावाच्या शास्त्रज्ञाने (हे पुढे होलोग्राफीसाठी नोबेल मिळवणारे) १९४७च्या सुमारास मांडलं होतं की कोणताही आवाज म्हणजे अत्यंत लहान ध्वनिकणांची रास समजता येते. झेनाकिस यांनी या दाण्यांतून संगीत रचायला घेतलं. 'अ‍ॅनालॉजिक बी' ही त्यांची १९५८-५९ची रचना. संगणक हाताशी नव्हता. ध्वनिफितीवर साधे सूर घ्यायचे आणि कात्रीने बारीक तुकडे कापून चिकटवायचे. स्टुडिओतली फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर पळायची. म्हणजे ०.०४ सेकंदाचा एक दाणा हवा असेल तर दीड सेंटिमीटरचा तुकडा. एका सेकंदात असे किती दाणे, हे तुमच्या पाचवीच्या मुलांना काढायला द्या. उत्तर पंचवीस येतं, आणि तेही एकावर एक थर न चढवता!

ज्या कामाला कात्री लागायची तेच काम आज संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ग्रॅन्युलर' नावाच्या बटणाखाली मिळतं. घरातलं मोठं मूल लॅपटॉपवर गाणी बनवत असेल तर त्याला विचारा. होतं काय तर आलेल्या आवाजाचे साधारण एक ते शंभर मिलिसेकंदांचे तुकडे पडतात. प्रत्येक दाण्याची सुरुवात आणि शेवट हळुवार केला जातो, नाहीतर प्रत्येक जोडावर 'कट्' ऐकू येईल. मग ते दाणे पेरायचे. दाट पेरले तर सलग सूर, विरळ पेरले तर पावसाचे टपोरे थेंब. एकच दाणा पुन्हा पुन्हा पेरला तर बोललेला एक शब्द मिनिटभर लांबवता येतो आणि सूर खाली उतरत नाही. जुन्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की गाणं कसं जाडंभरडं यायचं आठवतं ना? तसं होत नाही. मोबाइलवर पाठाचा आवाज सावकाश लावला तरी बाईंचा आवाज बाईंचाच राहतो, त्यामागेही बहुतेक वेळा असेच छोटे तुकडे एकमेकांवर सरकवण्याची युक्ती असते.

हे आपोआप आलं नाही. झेनाकिस यांच्याकडे शिकून गेलेल्या कर्टिस रोड्स या अमेरिकन तरुणाने सत्तरच्या दशकात दाण्यांचं काम संगणकाकडून करून घेतलं, पण तेव्हा आधी सगळं गणित होऊ द्यायचं आणि मग ऐकायचं. मोठ्या प्रमाणावर वाजवता-वाजवता दाणे पाडणं जमलं ते १९८६ साली, कॅनडातल्या बॅरी ट्रुआक्स यांना. वाजवता-वाजवता म्हणजे इकडे माइकमध्ये टाळी वाजवावी आणि तिकडे लगेच ती टाळी शंभर तुकड्यांत उधळली जावी.

झेनाकिस यांचा स्वतःचा आणखी एक उद्योग आपल्या कामाचा आहे. त्यांनी पॅरिसमध्ये उभारलेल्या संशोधन केंद्रात १९७७ साली 'यूपिक' नावाचं यंत्र तयार झालं. चित्रकाराच्या मेजासारखी एक पाटी. तिच्यावर विशेष पेनने रेघ ओढायची. आडवी दिशा म्हणजे वेळ, उभी दिशा म्हणजे सुराची उंची. संगणक ती रेघ वाजवून दाखवतो. सारेगम येत नसलं तरी चालतं, वाद्य हातात धरता येत नसलं तरी चालतं. लहान मुलं, दिव्यांग मुलं यांनीही या पाटीवर आवाज काढले. नंतरच्या आवृत्त्यांत रेघ ओढली की लगेच ऐकू यायची सोयही झाली. त्यांनी स्वतः या यंत्रावर पहिली रचना केली तिचं नाव 'मिसेन्स अल्फा'. ती १९७८ साली मायसिनी या प्राचीन ग्रीक नगरीच्या अवशेषांत, उघड्या आकाशाखाली, दिव्यांच्या झोतांसोबत वाजली. मृत्युदंड सुनावलेल्या देशातच.

१९९७ साली त्यांनी शेवटची रचना केली. तिला ग्रीक वर्णमालेतल्या शेवटच्या अक्षराचं नाव दिलं, 'ओमेगा'. आजारपणामुळे पुढे लिहिणं थांबलं. ४ फेब्रुवारी २००१ रोजी पॅरिसमध्ये ते वारले.

तिसरीपासून पुढच्या वर्गांना 'आवाज' घेताना हे करून बघा. स्टीलचं ताट पालथं ठेवा. एका मुलाने तांदळाचा एक दाणा टाकायचा, बाकीच्यांनी डोळे मिटून मोजायचं. मग पाच, मग दहा, मग चिमूटभर, मग मूठ. मोजणं कुठे सुटतं आणि 'सर्र' कुठे सुरू होतं, ते मुलांनीच सांगायचं. प्रत्येकाचं उत्तर जरा वेगळं येईल, येऊ द्या. त्यानंतर पाटीवर किंवा कागदावर रेघ काढायला लावा आणि वर्गाने तोंडाने ती वाजवायची : रेघ चढली की आवाज चढवायचा, ठिपके आले की जिभेने 'टक् टक्'. यूपिक नसलं तरी अडत नाही. आणि तांदूळ घरूनच न्या. पोषण आहाराच्या पोत्यातला घेतलात तर त्या मुठीचाही हिशेब लिहावा लागेल.