समुद्र न पाहिलेली मुलगी : रेचल कार्सन

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. विषय प्राणिशास्त्र, पण ओढा लिहिण्याकडे; याच नियतकालिकाच्या मराठी विभागात तिची एक कथा छापून आली होती. कारवारकडे खाडीच्या चिखलातले जीव मोजण्याच्या एका कामासाठी सुट्टीतले सहा आठवडे विद्यार्थी हवे होते आणि तिचे नाव मी सुचवले होते. घरच्यांचे म्हणणे असे की चिखलात उभे राहून खेकडे मोजल्याने कुणाचे पोट भरलेले नाही. तिचा स्वतःचा प्रश्न याहून अवघड होता. शास्त्राच्या मागे लागले तर लेखन सुटेल की काय, ही भीती तिला होती. मी तिला उपदेश केला नाही. एका बाईची हकीकत सांगितली. तीच येथे थोडी विस्ताराने लिहीत आहे.

रेचल कार्सन हिचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, स्प्रिंगडेल या लहान गावी झाला. ॲलेगेनी नदी गावाजवळून वाहते, पण समुद्र तेथून शेकडो मैल दूर. वडील विमा विकत, शिवाय थोडी जमीन होती. पैशाची चणचण कायमची. आई मारिया लग्नापूर्वी शिक्षिका होती. या आईने धाकट्या मुलीला रानात हिंडवून पक्षी, किडे, फुले दाखवली आणि पुस्तकांचा नाद लावला. अकराव्या वर्षी रेचलची गोष्ट मुलांच्या एका नावाजलेल्या मासिकात छापून आली. तेव्हापासून आपण लेखिका होणार याबद्दल तिला शंका उरली नाही. समुद्राविषयी ती वाचत असे, स्वप्ने पाहत असे. पाहिला मात्र नव्हता. बेळगावच्या आपल्या मुलामुलींना यात नवल वाटू नये. आपल्यापैकी कितीतरी जणांनी समुद्र प्रथम पाहिला तो महाविद्यालयाच्या सहलीतच.

१९२५ मध्ये ती पिट्सबर्गच्या मुलींच्या महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय घेऊन दाखल झाली. शास्त्राचा एक विषय सक्तीचा म्हणून जीवशास्त्र घेतले आणि तेथे मेरी स्किंकर या प्राध्यापिका भेटल्या. मला स्वतःला या चरित्रातली सर्वांत थोर व्यक्ती कधी कधी स्किंकरबाईच वाटतात, हे कबूल करून टाकतो. १९२८ च्या आरंभी, पदवीला जेमतेम दीड वर्ष उरले असताना, रेचलने वाङ्मय सोडून जीवशास्त्र घेतले. आपण लेखनाचा मार्ग कायमचा सोडला, असे तिला त्या वेळी खरोखरच वाटले. शास्त्रात बाईमाणसाला भवितव्य नाही, असा इशाराही तिला मिळाला. महाविद्यालयाच्या फीचे कर्ज डोक्यावर होते. त्यासाठी घरच्या जमिनीचे तुकडे तारण ठेवावे लागले.

१९२९ मध्ये उत्तम श्रेणीत पदवी मिळाली आणि त्याच उन्हाळ्यात वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काही आठवडे काम करण्याची संधी आली. वुड्स होल हे मॅसॅच्युसेट्स राज्यात केप कॉड नावाच्या भूशिराच्या टोकाशी असलेले खेडे. प्रयोगशाळा १८८८ ची. तेथील पद्धत त्या काळी वेगळी होती आणि आजही आहे : उन्हाळ्यात देशभरचे नामवंत संशोधक येतात, आणि त्यांच्या शेजारच्याच टेबलावर कालपरवा पदवी घेतलेली किंवा अजून पदवीही न घेतलेली मुले बसतात. होडीतून नमुने आणायला सगळे बरोबर जातात. दोन बेटांमधल्या चिंचोळ्या वाटेतून भरतीचे पाणी धावते तेही सगळे बरोबर पाहतात. बावीस वर्षांच्या रेचलने समुद्र पाहिला तो या उन्हाळ्यात.

तेथे तिने काय संशोधन केले? सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मेंदूतून निघणाऱ्या एका मज्जातंतूचा अभ्यास हाती घेतला होता. त्यातून विशेष काही निष्पन्न झाले नाही. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तिला प्रबंधाचा विषय बदलावा लागला. १९३२ मध्ये एम. ए. मिळाली ती एका माशाच्या भ्रूणातील मूत्रपिंडाच्या वाढीवर. सुट्टीतल्या कामाचा अहवाल मागणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या आठवड्यांत तिला मिळाले ते दुसरेच : किनारा, शास्त्रज्ञांचा सहवास आणि प्रयोगशाळेचे अफाट ग्रंथालय. पुढे तिच्या पुस्तकांना जे पुरले त्याचा मोठा भाग तिने त्या ग्रंथालयात वाचायला आरंभ केला होता.

नंतरची काही वर्षे भराभर सांगतो, कारण ती बहुतेक काळजीची आहेत. मंदीचा काळ होता. पीएच. डी. अर्ध्यावर सोडावी लागली. १९३५ मध्ये वडील वारले. त्याच वर्षी सरकारी मत्स्यव्यवसाय खात्यात तात्पुरते काम मिळाले : समुद्रजीवांवर नभोवाणीसाठी सात-सात मिनिटांचे बावन्न कार्यक्रम लिहायचे. शास्त्रज्ञांना लिहिता येत नव्हते आणि लेखकांना शास्त्र येत नव्हते. कार्सनबाईंना दोन्ही येत होते. खात्याच्या पुस्तिकेसाठी त्यांनी लिहिलेला एक मजकूर वरिष्ठांनी परत केला. सरकारी पुस्तिकेसाठी तो फारच चांगला आहे, एखाद्या साहित्यिक मासिकाकडे पाठवा, असा त्यांचा सल्ला होता. १९३७ मध्ये तो ‘अटलांटिक मंथली’त प्रसिद्ध झाला. म्हणजे सोडून दिलेले लेखन शास्त्राच्याच दारातून परत आले. त्याच वर्षी थोरली बहीण वारली आणि तिच्या दोन मुली आजी-मावशीच्या घरी आल्या. पहिले पुस्तक नोव्हेंबर १९४१ मध्ये निघाले. महिनाभरात अमेरिका युद्धात उतरली आणि पुस्तकाकडे कुणाचे लक्षच गेले नाही. पहिल्या काही वर्षांत दोन हजार प्रतीही खपल्या नाहीत.

आता खाजणाकडे येऊ, कारण मूळ प्रश्न चिखलाचा होता. आपल्या किनाऱ्यावर खाडीच्या ज्या चिखलात कांदळाची झाडे उभी राहतात, तशाच चिखलात थंड प्रदेशात झाडांऐवजी गवत उगवते, कारण कांदळाला थंडीतले दहिवर सोसत नाही. त्या गवताळ खाऱ्या दलदलीला मी येथे खाजण म्हणतो. गोव्याच्या खाजणासारखे तिला बांध नाहीत, मानस नाही, भात नाही. दिवसातून दोनदा भरतीचे पाणी तिच्या नाल्यांतून आत येते आणि परत जाते. हे गवत हिरवे असताना फारसे कुणी खात नाही. ते वाळते, कुजते, त्याचा बारीक चुरा पाण्यात मिसळतो आणि त्यावर खेकडे, कोळंबी, शिंपले, माशांची पिले पोसली जातात. व्यवहारी माणसाला मात्र तेथे डास आणि दुर्गंधी एवढेच दिसते.

युद्धानंतर कार्सनबाईंनी खात्यासाठी संरक्षित क्षेत्रांवरील पुस्तिकांची माला लिहिली. १९४७ मध्ये निघालेल्या पुस्तिकांपैकी चिंकोटीग आणि पार्कर रिव्हर या दोन अशाच खाजणांच्या किनाऱ्यावरच्या. प्रत्यक्ष हिंडून, चिखल तुडवून लिहिलेल्या. स्थलांतर करणाऱ्या बदकांना वाटेत उतरायला जागा उरल्या नाहीत तर काय होईल, हे त्यांत साध्या भाषेत समजावलेले आहे. या पार्कर रिव्हरच्या परिसरात, प्लम आयलंड येथे, १९९८ पासून खाजणाचा दीर्घकालीन अभ्यास चालत आला असून त्याचे सूत्रचालन वुड्स होलच्या प्रयोगशाळेकडे आहे. पदवीचे विद्यार्थी उन्हाळ्यात तेथे काम करत आले आहेत : चौकटी टाकून गवताचे कांडे मोजणे, गोगलगायी वेचणे, जाळ्यात सापडलेले मासे मोजून सोडणे. तेथल्या नाल्यांत नऊ वर्षे खताचे पाणी सोडून पाहिले. गवत वर वाढले, पण मुळे उणावली आणि नाल्यांचे काठ खचून पडले. हा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ वर्षे कुणी मोजत राहिले नसते, तर पहिल्या वर्षाचे हिरवे गवत पाहून सगळे खूश झाले असते.

१९५१ चे ‘द सी अराउंड अस’ या पुस्तकाने बाईंचे दैव पालटले. ८६ आठवडे ते खपाच्या यादीत राहिले. १९५२ मध्ये नोकरी सोडता आली. पुढच्या वर्षी मेन राज्यात, साउथपोर्ट बेटावर, पाण्याच्या काठी लहानसे घर बांधले. १९५५ मध्ये किनाऱ्यावरील जीवांवरचे ‘द एज ऑफ द सी’ आले. येथेच त्या थांबल्या असत्या तर समुद्राच्या एक गोड लेखिका म्हणून उरल्या असत्या.

१९५७ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर डक्सबरी येथे डासांच्या बंदोबस्तासाठी विमानातून डीडीटी फवारले गेले. खाजणातले डास मारायचे होते. मेले एका बाईंच्या बागेतले पक्षी. त्या ओल्गा हकिन्स यांनी जानेवारी १९५८ मध्ये बोस्टनच्या वृत्तपत्राला पत्र लिहिले आणि त्याची प्रत कार्सनबाईंना धाडली. विषय त्यांना नवा नव्हता. १९४५ मध्येच डीडीटीवर लेख लिहू का असे त्यांनी एका मोठ्या मासिकाला विचारले होते. मासिकाला रस नव्हता. आता त्यांनी दुसऱ्या कुणीतरी लिहावे म्हणून प्रयत्न केला आणि कुणी मिळेना तेव्हा स्वतः बसल्या. घरी तेव्हा म्हातारी आई होती, आणि १९५७ मध्ये वारलेल्या भाचीचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर, ज्याला त्यांनी दत्तक घेतले होते. आई त्याच वर्षी डिसेंबरात गेली.

‘सायलेंट स्प्रिंग’ वाचताना बहुतेकांच्या लक्षात मुके झालेले पक्षी राहतात. मला आठवते ते त्यातले फ्लॉरिडाचे खाजण. १९५५ मध्ये सेंट लूसी परगण्यात चावऱ्या माश्यांच्या अळ्या मारण्यासाठी सुमारे २००० एकर खाजणावर डिल्ड्रिन टाकले. राज्याच्या आरोग्य खात्यातील दोन संशोधक मागाहून पाहणीला गेले. त्यांच्या मोजणीप्रमाणे निदान ३० जातींचे सुमारे ११ लाख ७५ हजार मासे, वजनाने २० ते ३० टन, मेले होते. मरणाऱ्या माशांवर खेकडे तुटून पडले आणि दुसऱ्या दिवशी तेही मेले. गोगलगायी तेवढ्या जगल्या. त्या मेलेले मासे खात राहिल्या. दोन आठवड्यांनी त्या साऱ्या संहाराची खूणसुद्धा उरली नव्हती. चिखलात उतरून मोजणारी ती दोन माणसे वेळेवर गेली नसती, तर तेथे काही घडले होते हे जगाला कळलेच नसते. असे शेकडो अहवाल सरकारी कपाटांत आणि शास्त्रीय नियतकालिकांत विखुरलेले होते. बाईंनी ते गोळा केले, एकमेकांशी जोडले आणि कुणालाही वाचवेल असे लिहिले. पुस्तकाच्या शेवटी आधारांचीच पन्नासांहून अधिक पाने आहेत.

हे सगळे त्यांनी कोणत्या अवस्थेत लिहिले ते वाचकांना ठाऊक नव्हते. १९६० मध्ये स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी खरे काय ते त्यांना सांगितलेही नाही. रोग पसरल्याचे वर्षाअखेर कळले. तरीही त्यांनी आजार लपवला. आजारी बाईने रसायनांवर राग काढला, असे म्हणायला विरोधकांना जागा नको होती. जून १९६२ मध्ये ‘न्यू यॉर्कर’मध्ये लेख येऊ लागले, सप्टेंबरात पुस्तक निघाले आणि रसायन उद्योग तुटून पडला. अविवाहित, भावनाप्रधान, शास्त्रज्ञच नव्हे, असे सगळे बोलून झाले. मे १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या विज्ञान सल्लागार समितीचा अहवाल आला, त्याने बाईंचे म्हणणे बव्हंशी उचलून धरले. जूनमध्ये त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली, तेव्हा शरीर पार पोखरले होते.

येथे एक गोष्ट आपल्या बाजूने सांगितली पाहिजे. आपल्या देशात १९५३ पासून हिवतापाविरुद्ध डीडीटी फवारण्यात आले. खेड्यापाड्यांत वडीलधाऱ्यांना भिंतींवरचे ते पांढरे डाग आठवतील, आणि त्या पांढऱ्या डागांनी पुष्कळ जीव वाचवले हे नाकारता येणार नाही. कार्सनबाईंमुळे गरीब देशांतली माणसे मेली, असा आरोप पुढे केला गेला. मला तो अन्यायाचा वाटतो. रोग पसरवणाऱ्या कीटकांकडे दुर्लक्ष करा असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. सरसकट फवारणीने डासच औषधाला दाद देईनासे होतील, असे त्यांनी बजावले होते, आणि तेच आपल्याकडेही घडले. अमेरिकेत १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली. भारतात शेतीसाठी ती १९८९ मध्ये आली, हिवतापासाठी वापर पुढेही चालू राहिला.

१४ एप्रिल १९६४ रोजी मेरीलँडमधील सिल्व्हर स्प्रिंग येथे राहत्या घरी त्या वारल्या. वय ५६. मेनच्या किनाऱ्यावरचे खाजणांचे संरक्षित क्षेत्र १९६९ पासून त्यांच्या नावाने ओळखले जाते. वुड्स होलच्या धक्क्यापाशी २०१३ मध्ये त्यांचा पुतळा बसवला, वही-पेन्सिल घेऊन समुद्राकडे तोंड करून बसलेला.

माझी विद्यार्थिनी ही हकीकत ऐकून गेली ती आठ दिवस फिरकली नाही. मग एके दिवशी वडिलांना घेऊन आली. ते खुर्चीवर बसले, चहा घेतला, आणि त्यांनी मला एवढेच विचारले की तेथे मुलींच्या राहण्याची सोय काय आहे.