आल्बिन लांबोत

आल्बिन लांबोत (१८६६ - १९५५) हे बेल्जियन शल्यचिकित्सक होते. मोडलेले हाड शस्त्रक्रियेने उघडून धातूची पट्टी व स्क्रू यांनी जोडण्याच्या पद्धतीचे ते आद्य प्रवर्तकांपैकी एक मानले जातात. या पद्धतीसाठी 'ऑस्टिओसिंथेसिस' (अस्थिसंधान) ही संज्ञा त्यांनीच रूढ केली.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात अस्थिभंगावर हाड ओढून बसवणे आणि कामट्या किंवा प्लास्टर बांधणे हाच सर्वमान्य उपचार होता. हाड अनेकदा वाकडे जुळे, सांधा आखडे आणि कष्टकरी माणूस जन्माचा अधू होई. मात्र हाड उघडणे त्याहून धोक्याचे होते, कारण जखम चिघळून अवयव किंवा प्राण जाण्याचे भय असे. लिस्टरच्या जंतुनाशक पद्धतीनंतर (१८६७) हे भय कमी झाले. १८८६ मध्ये हॅम्बुर्गच्या कार्ल हान्समान यांनी धातूच्या पट्टीचा वापर प्रसिद्ध केला.

जीवन व कार्य

लांबोत यांचा जन्म ब्रुसेल्स येथे झाला. त्यांचे थोरले बंधू एली हेही शल्यचिकित्सक होते व त्यांच्याकडूनच आल्बिन यांना या विद्येचे प्रारंभिक धडे मिळाले. पुढे त्यांची कारकीर्द अँटवर्प येथील स्टायफेनबर्ग रुग्णालयात घडली.

त्यांच्या मते अस्थिसंधानाच्या चार पायऱ्या होत्या: हाड उघडे करणे, तुकडे जुळवणे, ते तात्पुरते धरून ठेवणे आणि शेवटी पक्के बसवणे. त्यासाठी लागणारे चिमटे, छिन्न्या, पट्ट्या व स्क्रू यांची रचना ते स्वतः करीत. हाडाच्या वळणाप्रमाणे पट्टीला आकार देण्यावर त्यांचा भर होता. १९०२ मध्ये त्यांनी शरीराबाहेरून हाड स्थिर ठेवणारी चौकट वापरली. अमेरिकेत पार्कहिल यांनी तशीच चौकट काही वर्षे आधी स्वतंत्रपणे केली होती. १९०७ व १९१३ मध्ये त्यांचे अस्थिभंगाच्या शस्त्रक्रियेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाले. हाड उघडण्यास विरोध करणाऱ्या समकालीनांना त्यांनी आपल्या रुग्णांच्या नोंदींनी उत्तर दिले.

ते कुशल व्हायोलिनवादक होते आणि स्वतः व्हायोलिन तयारही करीत. सुतारकामातील हातोटी त्यांना शस्त्रक्रियेत उपयोगी पडली.

मर्यादा आणि वारसा

त्या काळी वापरात असलेले काही धातू शरीरात गंजत. शिवाय साध्या पट्टीची पकड स्क्रूच्या हाडातील पकडीवर अवलंबून असते. ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाड आतून विरळ होते, त्यामुळे स्क्रू सैल होऊन निसटतो. उतारवयात, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये, उभ्या उंचीवरून पडल्यानेही खांद्याजवळ दंडाचे हाड मोडते. तेथे ही अडचण प्रकर्षाने जाणवते.

लांबोत यांच्या कार्याचा प्रभाव बेल्जियमच्या रोबेर दानिस यांच्यावर पडला. दानिस यांच्यापासून प्रेरणा घेतलेल्या मॉरिस म्युलर यांनी सहकाऱ्यांसह १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये 'एओ' हा अभ्यासगट स्थापन केला. पुढे 'लॉकिंग' पट्टी आली. तिच्यात स्क्रूचे डोके पट्टीतील आट्यांत घट्ट बसते व दोन्ही मिळून एकसंध आधार तयार होतो. विरळ हाडातही ती तुलनेने टिकते, तरी स्क्रू सांध्यात घुसण्याचा किंवा हाड पुन्हा ढळण्याचा धोका उरतोच. म्हणूनच वृद्धांमध्ये फारसा न सरकलेला खांद्याचा अस्थिभंग आजही बहुधा झोळी व व्यायामाने बरा केला जातो, आणि शस्त्रक्रियेचा निर्णय रुग्णागणिक घेतला जातो.