ऑस्कर जिंकलेली जोन क्रॉफर्ड सर्कशीच्या हॉरर पिक्चरमध्ये का गेली?

टेक्सासमध्ये जन्मलेल्या या पोरीचं खरं नाव लुसिल लेसूर. ‘जोन क्रॉफर्ड’ हे नाव एका मासिकाच्या स्पर्धेतून निघालं, आणि तिला ते आवडलंही नव्हतं. १९४६ मध्ये ‘मिल्ड्रेड पियर्स’साठी ऑस्कर मिळाला. आजारी असल्याने तो तिने घरी पलंगावरच घेतला.

पण वय वाढलं तसं हॉलिवूडकडून काम येईना. मग तिने इंग्लंड गाठलं. १९६७ च्या ‘बर्झर्क’मध्ये साठीला आलेली जोन सर्कशीची मालकीण झाली. सर्कसही खरीखुरी, बिली स्मार्टची. तंबूत एकामागून एक खून पडतात, गर्दी वाढते आणि मालकीणबाई तिकीटविक्रीवर खूश! पिक्चर यथातथाच, पण जोनवरून नजर हटत नाही.

१९७० चा ‘ट्रॉग’ हा तिचा शेवटचा पिक्चर, तोही इंग्लंडमध्येच. १९७७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या घरी ती गेली.